इंटरनेटची खांदमळणी

आमच्या घरी इंटरनेट आलं, ते बैलबाजाराच्या नियमांनी आलं.

मी खामगावच्या कॉलेजातून कॉम्प्युटर घेऊन बी.एस्सी. झालेली मुलगी. नाव वैशाली. संग्रामपूर तालुक्यातल्या वरवट बकालला सून होऊन आले तेव्हा सासरचं सगळ्यात आधुनिक यंत्र म्हणजे फवारणीचा पंप होता, आणि तोही गळका! माझं शिक्षण बघून सासूबाईंनी माझ्याकडे टीव्हीचा रिमोट सोपवला होता. घरात माझ्या डिग्रीचा तेवढाच उपयोग होता.

ती पाकिटातल्या बियाण्याची वर्षं होती. बीटी कापूस! गावातल्या एकूण एक भिंतीवर कंपन्यांनी बोंडं रंगवून ठेवली होती. भिंतीवरचं बोंड फुलकोबीएवढं आणि शेतातलं सुपारीएवढं. सुरुवातीला पीक झकास आलं, लोकांनी मोटारसायकली घेतल्या. मग पाऊस रुसला, कपाशीवर लाल्या रोग आला, आणि त्या मोटारसायकली ओसरीत उभ्या राहून पोरांना घोडा-घोडा खेळायच्या कामी येऊ लागल्या. त्याच तडाख्यात मामाजींनी (म्हणजे माझ्या सासऱ्यांनी) बैलजोडी विकली. नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर येऊ लागला. पण मामाजी रोज सकाळी उठून रिकामा गोठा झाडायचे. कोणी बघतंय असं दिसलं की म्हणायचे, "सवय हाय." मला ते बघवायचं नाही.

माझा नवरा गजानन. (नाव घेतलं म्हणून कोणी दचकू नये. लिहिताना घेते, समोर 'अहो'च म्हणते.) त्याच्या मागे त्याचे थोरले भाऊ प्रल्हादभाऊ हात धुऊन लागले होते. प्रल्हादभाऊ, म्हणजे घरातले दादा, पुण्याला कंपनीत. गजाननसाठीही त्यांनी तिथेच नोकरी बघून ठेवली होती. फोनवर रोज एकच पाढा: "शेतीत काही राहिलं नाही रे. इकडे ये." गजाननला जायचं नव्हतं, मला जायचं नव्हतं, सासूबाईंना ऐकायचंही नव्हतं, आणि मामाजी काही बोलतच नव्हते. नुसता गोठा झाडत होते.

अशात आम्हाला एक वाट सापडली. परवाना असलेली एक कंपनी खेड्यांमधून इंटरनेट आणि इंटरनेटवरचा फोन पोचवायला माणसं शोधत होती. तालुक्यापर्यंत त्यांची लाईन, तिथून हवेतून आमच्या छपरावरच्या अँटेनापर्यंत, आणि पुढे गावात घरोघर आम्ही. मशिनं मात्र आमची आम्ही आणायची. दोन लागणार होती, एक इंटरनेट वाटणारं आणि एक आवाज नेणारं. नव्या मशिनांची आपली ऐपत नाही, पण जुनी चांगली मिळतात, असं मी वाचलं होतं.

दादांना हे कळलं तेव्हा ते फोनवर हसले. मग म्हणाले, "ठीक आहे. पोळ्याला आम्हाला काही सुट्टी नसते. त्या दिवशी दुपारी मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून तुमच्या त्या इंटरनेट फोनवर फोन करतो. नीट बोलणं झालं, तर करा धंदा. नाही झालं, तर गजाननने बॅग भरायची. चालेल?"

गजानन "चालेल" म्हणाला.

जुनी मशिनं मलकापूरला मिळायची. स्टेशनजवळ रशीदभाईंचं दुकान होतं. मुंबईच्या बुडालेल्या कंपन्यांचा माल रेल्वेने त्यांच्याकडे उतरायचा. मी आठवडाभर अभ्यास केला. काय काय बघायचं ते पाठच केलं: तारा खोचायच्या खिडक्या जळालेल्या नसाव्यात, पंखा फिरता असावा, आधीच्या मालकाचा पासवर्ड काढलेला असावा, आणि बनवणाऱ्या कंपनीने ते मॉडेल वाऱ्यावर सोडलेलं नसावं. निघायच्या दिवशी सकाळी बघते तर मामाजी धुतलेलं धोतर, टोपी, खांद्यावर पांढरी दस्ती घालून ओसरीत तयार!

"मामाजी, तुम्ही कुठे?"

"जुनं जनावर घ्याचं हाय न? तुमाले पोरायले काय समजते त्यातलं!"

"जनावर नाही मामाजी, मशीन आहे."

"जुनं हाय न?"

"हो."

"इकनारा इकते, म्हंजे काईतरी खोडी असन का नाई?"

"असेल..."

"मंग मी येतो."

पंचक्रोशीत बैल पारखायला मामाजींना बोलवायचे, ही गोष्ट खरी. त्यांनी नुसता बैलाच्या पाठीवर अंगठा दाबला तरी विकणाऱ्याला घाम फुटायचा. पण बैल विकल्यापासून ते बाजारात गेले नव्हते. त्या दिवशी इतक्या महिन्यांनी त्यांच्या चालीत जोर दिसला, म्हणून मी गप्प बसले.

रशीदभाईंचं दुकान म्हणजे लोखंडी पेट्यांचा ढीग होता. त्यांनी एक मशीन काढून पुढे ठेवलं. मी पुढे होऊन खिडक्या तपासणार, तेवढ्यात मामाजींनी ते माझ्या हातातून घेतलं. आधी वजन केलं. मग उलटं केलं. मग मागच्या बाजूने वाकून खिडक्यांच्या रांगेकडे बघत म्हणाले, "दात जुळले याचे."

"म्हणजे?"

"उमर झाली. वापरून वापरून घासले. पाह्य न, तार ढिली बसते."

मी तार लावून बघितली. खरंच ढिली बसत होती! (मी याला योगायोग म्हणते. गजानन आजही याला पारख म्हणतो. यावरून आमच्यात भांडण आहे.)

दुसरं मशीन आणलं. या पेट्यांना दोन्ही अंगांना पत्र्याचे कान असतात, कपाटात बसवायला. याचा एक कान तुटलेला होता. मामाजींनी हातही लावला नाही. "कानतुटकं नाई पाह्यजे. कोनाच्या दाव्यातून सुटून भांडलेलं असन."

रशीदभाई गालात हसत होते. त्यांचे वडील बैलांचे व्यापारी होते हे मला नंतर कळलं. त्यांनी आतून एक राखाडी पेटी आणली, धूळ झटकली आणि अदबीने मामाजींसमोर ठेवली. "चाचा, हा पाहा. कॉल सेंटरचा माल हाय. दिवसरात्र काम केलेला."

"खोडी काय?"

"एकच खोडी, चाचा. गरम होते."

"मंग कामाचा हाय," मामाजी खूश होऊन म्हणाले. "थंड जनावर बसून खाते. याच्या जोडीचा कुठी हाय?"

रशीदभाईंनी माझ्याकडे बघितलं. "भाभी, हा इंटरनेटचा. आवाजाचा डब्बा वेगळा येते, छोटा असते. तो देतो ना तुमाले."

"छोटा?" मामाजींनी भुवया चढवल्या. "एक मोठा अन् एक छोटा? जू तिरपं होईन ना बाप्पा! कोनी एकटा बैल घेते काय? सारख्या उंचीचा, सारख्या रंगाचा दाखव."

इथे मी बोलायला हवं होतं. शिकलेली मी होते, अभ्यास मी केला होता. आणि मी बोललेही! मी म्हणाले, "रशीदभाई, मामाजींचं बरोबर आहे. दोन सारखीच मशिनं घ्यायची. एक बंद पडलं की दुसरं त्याचं काम उचलतं. मोठमोठ्या कंपन्या असंच करतात. शास्त्रच आहे ते." रशीदभाईंकडे तसलीच दुसरी पेटी होती, आणि त्याच पेटीत आवाजाची पट्टी खोचता येत होती. मग काय! माझं शास्त्र आणि मामाजींचा बाजार असे एकाच जुवाखाली आले, आणि गजानन बिचारा एकदा माझ्याकडे, एकदा बापाकडे बघत राहिला.

सौदा दस्तीखाली झाला. मामाजींनी खांद्यावरची दस्ती काढली, रशीदभाईंनी हात पुढे केला, दोघांचे हात दस्तीखाली गेले आणि बोटांची कुजबूज सुरू झाली. तोंडं मात्र आकाशाकडे. मध्येच रशीदभाई दुखावल्यासारखा चेहरा करायचे, मध्येच मामाजी हात झटकून उठायचे आणि पुन्हा बसायचे. शेवटी दोघं हसले.

"कितीला झालं?" मी विचारलं.

"बाजारात मोठ्यानं नाई सांगत," मामाजी म्हणाले. मशिनं चालवणारी मी, आणि त्यांचा भाव मला घरी आल्यावर नवऱ्याच्या तोंडून कळला!

एसटीत मामाजींनी एक पेटी डाव्या मांडीवर आणि एक उजव्या मांडीवर घेतली. घरी पोचेपर्यंत त्यांच्या मनात ठरून गेलं होतं: ही डावी आणि ही उजवी. "डावा बैल उजवीकडं जुपला का बिथरते," ते म्हणाले. "सांगून ठेवतो." इंटरनेट उजव्याकडे गेलं आणि फोन डाव्याकडे.

दारात सासूबाई उभ्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. एका हातात भाकरतुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. नवी जोडी दारात आली की तिच्या पायांवर पाणी घालतात, ही घरची रीत. त्यांनी तांब्या कलता केला आणि मी "पाणी नको!" असं ओरडत अशी काही झेप घेतली की सगळं पाणी माझ्या नव्या साडीवर! "काऊन व? पायावरच तं टाकून राह्यली होती," आत्याबाई म्हणाल्या. मी त्यांना पाणी, वीज आणि मशीन यांच्यावर छोटंसं भाषण दिलं. त्यांनी ते भक्तिभावाने ऐकून घेतलं. यंत्रावर पाणी घालायचं नाही, एवढं त्यांच्या पक्कं ध्यानात राहिलं. मी लोण्याबद्दल काही बोलले नव्हते.

मशिनं बसवायला कोरडी, वाऱ्याची, मोकळी जागा हवी होती. घरात अशी एकच जागा होती: गोठा. मामाजींनी गव्हाणीवर फळी टाकून दिली. मी पाच-सहा दिवस त्या पेट्यांपुढे मांडी घालून बसले, आणि एकदाचे दिवे लागले! पंखे घुंई घुंई करायला लागले. मामाजी खाटलं घेऊन गोठ्यातच येऊन बसले. "श्वास बराबर घेऊन राह्यले," ते म्हणाले. गावातली माणसं बघायला यायची, आणि मामाजी त्यांना लांबूनच दाखवायचे. "मलकापूरची जोडी हाय. मुंबईत काम केलेली." दुसऱ्या दिवसापासून त्यांचं गोठा झाडणं पुन्हा खऱ्या कामाचं झालं. मला फार फार बरं वाटलं.

आणि पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना लोणी-हळद चोळायची, आणि उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. मी स्वयंपाकघरात डाळ निवडत होते. आत्याबाई लोण्याची वाटी घेऊन आल्या आणि माझ्याजवळ बसल्या. बघते तर डोळ्यांत पाणी.

"काय झालं आत्याबाई?"

"या घरात आल्यापासून एक बी पोळा असा गेला नाई व. गावात सगळे खांदे मळून राह्यले, अन् माह्या हातात वाटी घेऊन मी कोनाकडं जाऊ?" मग जरा थांबून, "तुह्या त्या मशिनायले चालन काय? ते बी तं काम करतेच."

मला भरून आलं. भरून आलेलं असताना माणसाने तांत्रिक निर्णय घेऊ नयेत, हे खामगावला कोणी शिकवलं नव्हतं!

"झाकणावर चालेल," मी म्हणाले. "वरच्या वर. बोटभर."

मग आम्ही सगळे गोठ्यात गेलो. आत्याबाईंनी बोटभर लोणी लावलं. मामाजी म्हणाले, "हे काय, टिकली लावून राह्यली काय? चोळ न." त्यांनी चोळलं. एकाला चोळलं म्हणून दुसऱ्याला चोळलं. दुसऱ्याला जरा जास्त लागलं, म्हणून बरोबरी करायला पहिल्याला आणखी! वरून हळद. आणि दोघांनी हात जोडून म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." उजव्या पेटीचा हिरवा दिवा लुकलुकला. "पाह्य, हाव म्हनते!" आत्याबाई म्हणाल्या. खरं सांगते, त्या क्षणी मलाही तसंच वाटलं.

रशीदभाईंनी एकच खोडी सांगितली होती: गरम होते.

सकाळी गोठ्याकडून साजूक तुपाचा घमघमाट आला. मी धावले. झाकणांवरचं लोणी रातोरात कढून त्याचं अस्सल रवाळ तूप झालं होतं, आणि ते झाकणाच्या कडेच्या फटींमधून आत उतरलं होतं. त्या वासावर गावातले सगळे मुंगळे आमंत्रण असल्यासारखे आले होते. (आमंत्रण दिलंच होतं म्हणा.) मुंगळ्यांची एक रांग उजव्यातून निघून तारेवरून डाव्यात जात होती. आमच्या नेटवर्कवर त्या दिवशी धावणारी तेवढीच एक गोष्ट होती!

"अहो!" मी किंचाळले. "बंद करा सगळं!"

गजाननने बटण दाबलं. झाकणं उघडली. आत हिरव्या पट्टीवर तूप, आणि तुपावर मुंगळे. बाहेर गावात ढोल सुरू झाले होते, बैलांना रंग लागत होते, आणि दुपारी दादांचा फोन येणार होता.

"पुसून काढू," गजानन म्हणाला. "कशानं?"

मी, गजानन आणि मामाजी, तिघांनी एकदम कोपऱ्याकडे बघितलं. तिथे भाव येईल म्हणून राखून ठेवलेला गेल्या वर्षीचा बीटी कापूस पडला होता. त्या कापसाचा त्या वर्षातला हा पहिला उपयोग. मामाजींनी सरकी काढून बोळे करून दिले, गजानन तूप टिपत होता, मी मुंगळे उचलत होते. कापूस काय सुरेख तूप पितो म्हणून सांगू! भिंतीवर बोंडं रंगवणाऱ्या कंपन्यांनी हा गुण कुठेच लिहिला नव्हता. दुपार व्हायला आली तेव्हा मशिनं लख्ख झाली. मी उजव्याचं बटण दाबलं.

पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, आणि पेटीच्या आतून मंद पिवळा उजेड आला.

"असा दिवा होता काय आधी?" गजानन म्हणाला.

आत एक बोळा राहून गेला होता. तुपात भिजलेला कापूस, खाली तापलेलं लोखंड! याला मराठीत काय म्हणतात ते प्रत्येक सुनेला माहीत आहे. मागून आत्याबाई पुरणाचं ताट घेऊन येत होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि हात जोडले. "माय व, ज्योत लागली!"

"आग लागली, आत्याबाई, आग!"

गजाननने तार उपटली, मामाजींनी ओलं पोतं आणून उजव्यावर दाबून धरलं, फुस्स झालं, धूर झाला, आणि आमचं इंटरनेट संपलं. मामाजी पोत्यावर हात ठेवून तसेच बसून राहिले.

पण मी बी.एस्सी. होते! "म्हणून तर जोडी घेतली ना!" मी म्हणाले. "उजव्याचं काम डाव्याला देते. शास्त्रच आहे ते." मामाजी म्हणाले, "डाव्याले तिकडं जुपू नको, बिथरन." मी ऐकलं नाही. अँटेनाची तार उजव्यातून काढून डाव्यात घातली, डाव्याला जेवढं सांगायचं तेवढं पुन्हा सांगितलं, आणि दिव्यांकडे बघत बसले. दिवे लागले! एक, दोन, सगळे! आणि त्याच मिनिटाला डाव्याला जोडलेला गव्हाणीवरचा फोन खणखणला.

मी रिसीव्हर उचलला. "हॅलो?"

काही नाही.

"हॅलो! दादा?"

शुकशुकाट. श्वाससुद्धा नाही. मी रिसीव्हर गव्हाणीत टाकून दिला. "मेलं," मी म्हणाले. "डावाही गेला. आवाजच नाही."

गजानन खाटल्यावर बसला. "झालं मंग. उद्या बॅग भरतो."

आत्याबाई पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. "माह्याच लोन्यानं घात केला व!" आणि पुण्याच्या नोकरीबद्दल इतके महिने एक अक्षर न बोललेले मामाजी पोतं फेकून उभे राहिले.

"कोन म्हनते जातो म्हनून? बैल गेले, मी काई म्हनलं? प्रल्हाद गेला, मी काई म्हनलं? रोज सकाळी उठून मी रिकामा गोठा झाडला, काऊन झाडला, कोनी इचारलं काय? आता हा बी गेला तं संध्याकाळी मी भिंतीशी बोलू? मले नाई पाठवाचं याले! कपाशी पिको नाई तं जळो, इंटरनेट चालो नाई तं बंद पडो. पोरगं घरात पाह्यजे मले!"

त्यांचा आवाज फाटला. मी त्यांना असं कधीच बघितलं नव्हतं. आणि माझं असं आहे की डोळे भरून आले की तोंड सुटतं.

"बरोबर आहे मामाजींचं!" मी म्हणाले. "आणि हे दादा कोण लागून गेले हो परीक्षा घेणारे? 'तिकडे काही स्कोप नाही बरं का!' स्कोप म्हणे! स्वतः कंपनीच्या बसमध्ये उभ्याउभ्या झोपतात. गॅलरीत एक तुळस लावली होती, ती वाळवली, आणि आम्हाला शेतीचं शिकवतात! पोळ्याच्या दिवशी डब्यात उसळ खात असतील, ढेरी तेवढी पुण्याची झाली आहे!" शेवटच्या वाक्याला मी पदर खोचून, पोट पुढे काढून, दादांसारखं चालूनही दाखवलं. आत्याबाई रडता रडता हसल्या. गजाननने मान खाली घातली, पण त्याचे खांदे हलत होते.

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे सून भासऱ्यांसमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, बोलत नाही. डोक्यावर पदर, नजर खाली. दादा गावी आले की मी आडून चहा सरकवायचे. लग्नापासून त्यांनी माझ्या तोंडून एक शब्द ऐकला नव्हता.

गजाननच्या खिशातला मोबाईल वाजला. दादांचा होता. त्याने स्पीकर लावला, आणि समोरून पुण्याची भाषा पार गळून गेलेला आवाज आला.

"गज्या, आवाज एकदम क्लिअर हाय बे."

"कशाचा आवाज, दादा?"

"तुह्या इंटरनेटच्या फोनचा! मी तवापासून हॅलो हॅलो करून राह्यलो, माहं कोनी ऐकतच नाई. तुमचं मात्र सगळं ऐकू येऊन राह्यलं. ढोल ऐकू आले. बाबा ऐकू आले." मग दादा म्हणाले, "बाबाले सांग, तू काई येत नाई पुण्याले. धंदा चालू ठेव. अन् वैशालीले सांग, ढेरी नाई सुटली. शर्ट आटला."

माझा पदर आपोआप डोक्यावर आला. मोबाईलसमोर! मी गव्हाणीकडे बघितलं. रिसीव्हर तिथेच उताणा पडला होता.

मामाजींनी मोबाईल हातात घेतला. त्यांना काय काय बोलायचं होतं ते चेहऱ्यावर दिसत होतं. ओठ हलले, पण तोंडातून एवढंच आलं, "जेवला काय रे?"

"उसळ हाय डब्यात," दादा म्हणाले.

संध्याकाळी मी डाव्यासमोर बसले. तूप कुठे शिरलं असेल, कुठली पट्टी गेली असेल, सगळं तपासलं. आत्याबाई अपराध्यासारख्या शेजारी बसून होत्या. दिवसभर घरातला प्रत्येक जण लोण्याला दोष देत होता, आणि सगळ्यात मोठ्याने मी देत होते. शेवटी सापडलं. डाव्यात तुपाने काहीच बिघडवलं नव्हतं. आवाजाला बाहेर जायची वाट मी करून दिली होती. आत यायची दिलीच नव्हती! मशीन बसवलं त्या दिवसापासून ते तसंच होतं, आणि दुपारी घाईत मी डाव्याला पुन्हा तेच शिकवलं होतं.

"पन तू तं तपासलं होतं ना?" गजाननने विचारलं. "रोज फोन लावत होती."

लावत होते. रशीदभाईंना मलकापूरला फोन लावायचा, "हॅलो, मी वैशाली बोलतेय, आवाज येतोय का, येतोय ना, हां, ठेवते!" असं म्हणायचं आणि ठेवायचा. मग ते मोबाईलवर कळवायचे, "भाभी, एकदम साफ!" समोरचा काय म्हणतो ते ऐकायला मी एकदाही थांबले नव्हते.

आत्याबाईंनी लोण्याची वाटी छातीशी धरली आणि लांब सुस्कारा सोडला. गजानन मात्र बापाकडे बघून, अगदी शांतपणे म्हणाला, "इकडून जाते, तिकडून येत नाई. मशिनाची काई चूक नाई, बाबा. जिनं शिकवलं, तिच्यावर गेलं."

मामाजी इतके हसले की त्यांना खोकला लागला. याला चांगलं सणसणीत उत्तर द्यायचं म्हणून मी तोंड उघडलं. मग तसंच मिटलं, उठले, आणि आधी रिसीव्हर नीट जागेवर ठेवला आहे ना ते बघून आले.